घरचा गूळ

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी १९९८

प्रिय विद्याश्री,

अव्वाची जखम सुकते आहे. मधुमेहानं पायाचा अंगठा गेला, पण पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. दवाखान्यातली तानाबाई रोज सकाळी पट्टी बदलायला घरी येते. तू धारवाडला परत गेल्यापासून मी फोन केला नाही. फोन बैठकीत आहे आणि अव्वा दिवसभर तिथंच बसते. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी तिच्या पिशवीत गुळाचा खडा सापडला आणि तू वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणालीस, "चोरून खातीस आणि आमालाच खोटं सांगतीस?" मी तुला थांबवलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं. अव्वा भिंतीकडे वळली, एवढंच.

परवा पट्टी सोडताना तानाबाईनं चेष्टेनं विचारलं, "आज्जी, खरं सांगा, किती पेढं हाणलं?" अव्वा उसळली. "साखरंला दोन वर्सं हात लावला न्हाय मी! च्या बी गुळाचा. गूळ घरचा हाय, दिराच्या गुऱ्हाळातला. त्यानं काय हुतंय?" तानाबाई हसली, मग हसायची थांबली.

आपल्या गावी बाळंतिणीला गूळ, उन्हातून आलेल्या पावण्याला गूळ-पाणी. साखर कारखान्याची, गूळ आपला. अव्वानं तो कधी लपवला नाही. चुलीशेजारी उघड्यावर डबा असायचा. आपण दोघी लेकींनी तो पाहिला आहे. यंदा संक्रांतीला तिनं हलवा बाजूला सारला आणि तिळगूळ खाल्ला, तेही माझ्यासमोर.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दिलेलं माहितीपत्रक तिच्याजवळ होतं. 'शर्करायुक्त पदार्थांचे सेवन कटाक्षाने वर्ज्य करावे.' चौथी शिकलेली बाई. अक्षर अक्षर लावून वाचलं तिनं. मग मला विचारलं, "म्हंजे काय गं?" मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, साखर बंद. तिनं साखर बंद केली.

तानाबाई जाताना उंबऱ्यात थांबली. "बाई, आमच्याकडं अशा धा जणी हायत. त्यो कागूद ज्यानं लिवलाय, त्याला एकदा वार्डात आणून बसवा की." मी तिला चहा घेऊन जा म्हणाले.

विद्या, तो कागद मी लिहिला आहे. डॉक्टरांना शुद्ध मराठी हवं होतं आणि कॉलेजात मराठी शिकवणारी मी त्यांच्या ओळखीची. आठ दिवस घासूनपुसून लिहिला. खाली नाव नाही, त्यामुळे कुणाला ठाऊक नाही. काल तानाबाईला समोर बसवून नवा लिहिला. तिला कळलं नाही ते खोडलं. गूळ, काकवी, उसाचा रस, सगळं नाव घेऊन लिहिलं.

रविवारी मी हे अव्वाला सांगणार आहे. तू ये. माझी चूक मी सांगेन, पण चोरीचा आळ तू घेतलास, तो तुलाच मागे घ्यावा लागेल. दवाखान्यातून आल्यापासून ती आमच्याकडे पाठ करून बसते आणि ताटावर पदर धरून जेवते.

तुझीच,
निर्मलाक्का