सीट दोन बोटं खाली

मी शर्यतीला जातेय. काल नाव मागे घेते म्हणाले होते, ते विसर.

विकायच्या आधी सायकल स्वच्छ करावी म्हणून आज सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढला. उंची चुकू नये म्हणून मी त्यावर लाल टेप लावली होती. टेप होती, पण तिच्या दोन बोटं खाली जुन्या टेपचा चिकट पट्टा दिसला. म्हणजे सीट खाली करून टेप वर सरकवलीस. घरात पाना धरता येणारे आपण दोघंच आहोत.

दोन महिने माझे गुडघे ठणकत होते. त्यांच्यापायी मी बूट बदलले, पेडल बदलले, हँडल वर घेतलं, दगडांचे हादरे नकोत म्हणून जाड टायर टाकले. तू म्हणायचास, "अगं, वय झालं आता. चार दिवस रानातून सायकल हाणणं झेपायचं नाही तुला." आणि रोज संध्याकाळी माझे गुडघे शेकायलाही तूच बसायचास. मला त्याचीच जास्त किळस येतेय.

"जाऊ नकोस" म्हणाला असतास तर मी कडाकडा भांडले असते, आणि भांडून कदाचित थांबलेही असते.

सीट वर करून टेकडीपर्यंत जाऊन आले. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही.

आईंच्या डोळ्यांत थेंब घाल. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

शर्यत संपल्यावर मला घ्यायला येऊ नकोस, ताई येतेय. तिथून मला कुठे सोडायचं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.