तुतीचे तीन तुकडे

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंद्याने सुतार, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला शंका येणारच.

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलीला. हत्यारेही तिलाच. ती शाळेत शिकवते, पण रंध्याला धार लावावी तिनेच.

२. मोटारीची शेड मुलाला. मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस दवाखान्यात होतो, तेवढ्यात त्याने या शेडपायी बागेतली तिन्ही झाडे तोडली. बहिणीने फोनवर विचारले, "दादा, बाबांना विचारलंस का?" तो म्हणाला, "विचारलं असतं तर हो म्हणाले असते का?" इतके खरे तो क्वचितच बोलतो.

३. घरी आलो तर भिंतीशी सरपण रचलेले. "बाबा, दोन हिवाळ्यांची सोय झाली बघा!" पेरू आणि लिंबू गेले ते एक वेळ सोडून देतो. तुतीचे खोड मात्र सरळ होते, त्याच्या फळ्या निघाल्या असत्या. सुताराच्या पोराने ते चुलीच्या मापाने फूट-फूटभर कापून घेतले! वर ओले लाकूड प्लास्टिकखाली झाकले. पहिला हिवाळा मी धुरात खोकत काढला. मग सगळे उन्हात पसरून वाळवले आणि दुसऱ्या हिवाळ्यात जाळले. ऊब मिळाली हे नाकबूल करत नाही. त्याचाच जास्त संताप येतो.

४. चुलीमागे पोत्यात तुतीचे तीन तुकडे आहेत, ते मुलाला. सालीवर चाकूच्या खाचा आहेत. दर वाढदिवसाला त्याची आई त्याला तुतीला पाठ लावून उभा करायची आणि डोक्याच्या रेषेत खाच पाडायची. झाड कापताना त्याला त्या दिसल्या नाहीत. मला दिसल्या तोवर चौथा तुकडा पेटला होता. त्याची पहिली दोन-तीन वर्षे त्यावर होती. तेवढे पाप माझे.

उरलेले त्याने ठेवावेत किंवा जाळावेत. जाळायचे तर स्वतःच्या हाताने. लाकूड मी खडखडीत वाळवले आहे. डोळ्यांत पाणी आले तर धुरावर ढकलता येणार नाही.

ठिकाण: स्वयंपाकघर, चुलीपाशी
तारीख: सात मार्च, शुक्रवार
सही: सुतार

आमच्यासमोर सही झाली:
१. समोरच्या दुकानातला न्हावी
२. शेजारची शिंपीण