पाय परत येईपर्यंत

४ मार्च, सोमवार
आजपासून चिडायचं नाही. निश्चय पक्का. तसा मी चिडका नाहीच. भूलतज्ज्ञ चिडका असून चालतच नाही. आमचं कामच मुळी लोकांना शांत करायचं. पण बायकोला वाटतं, म्हणून निश्चय.
सकाळी चहाचा कप भिंतीला लागून फुटला. कान सैल होता.
कामाचं: आमच्या डे-केअर सेंटरात पेशंट सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. निदान बोर्डावर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात, पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं की जुन्या औषधाचा अंमल तासन्‌तास. ऑपरेशन एवढंसं, आणि पेशंट दिवस मावळेपर्यंत ओंडक्यासारखा पडून. लघवी होत नाही. नातेवाईक भांडतात. आता नवं औषध मागवलंय. तासाभरात उतरतं. माणूस दुपारी स्वतःच्या पायांनी घरी!
मी क्रांती करणार आहे.

६ मार्च
सर्जनला सांगितलं. आमचा हाडांचा सर्जन म्हणजे कासव. गुडघ्यात दुर्बीण घातली की आत बिऱ्हाड करून राहतो. म्हणाला, औषध चांगलंच आहे, पण माझ्या हाताला वेळ लागतो, लांबलं तर? मी म्हटलं, लांबवू नकोस. म्हणाला, निदान पूर्ण झोपवायची तयारी शेजारी ठेव. मी शांतपणे ऐकून घेतलं. फाइल हातातून निसटली ती त्याच्या कानावर गेली. सॉरी म्हटलं. बहुतेक म्हटलं.

८ मार्च
नव्या औषधाची पहिली केस. मूळव्याध. दुसरा सर्जन, चटपटीत. पेशंट दुपारी चालत घरी. सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. (मीच वाजवायला लावल्या. पण मनापासून वाजवल्या.)
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हळू बोला, पोरगी अभ्यास करतेय. मी हळूच बोलत होतो. पोरीच्या खोलीच्या दाराचं बिजागर निखळलं. मागच्याच महिन्यात बसवलेलं. हल्ली माल चांगला येत नाही.

११ मार्च
कासवाचा पेशंट तपासला. गुडघ्यातली गादी फाटलीय. एका क्लबच्या दारावर बाउन्सर आहे. दारातून आत येताना अंग तिरकं करावं लागलं. मी त्याचं नाव पहाड ठेवलं. आवाज मात्र मऊ. घरी अंथरुणाला खिळलेली आई, बघणारं दुसरं कोणी नाही, संध्याकाळी पोचलंच पाहिजे म्हणाला. मी त्याचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. असे पेशंट मिळायला नशीब लागतं.

१३ मार्च, सकाळ
आज पहाड. झोपवायची ट्रॉली मुद्दाम बाहेर व्हरांड्यात ठेवलीय. शेजारी दिसली की कासव निवांत होतो. सिस्टर काहीतरी म्हणणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली नाही.

१३ मार्च, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, कारण लोक उद्या काहीही सांगतील.
सुई पहिल्याच झटक्यात. पाय मस्त बधिर. कासव आत शिरला आणि रमला. मी दोनदा घड्याळ दाखवलं. त्याला आणखी एक फाटका तुकडा सापडला. मग पहाड म्हणाला, डॉक्टर, कळतंय मला. मी म्हटलं, भास आहे. तो म्हणाला, दुखतंय हो. कासव थांबला, म्हणाला, याला झोपव. मी म्हटलं, औषध उतरलेलं नाही, हे माझं क्षेत्र आहे, तू तुझ्या गुडघ्यात बघ.
आणि सर्वांची खात्री पटावी म्हणून लोखंडी चिमटा घेऊन पहाडच्या दुसऱ्या मांडीला लावला. जरा दाबला.
तो पाय उठला. कासवाच्या तोंडावर बसला. दोन दात फरशीवर पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. (नोंद: पायातली ताकद पूर्ण परत. औषधाचा हा मोठाच गुण.)
कासव उठला तो रक्ताळल्या तोंडानं, आणि फाडकन माझ्या थोबाडीत दिली. इतकी वर्षं कासव म्हणतोय, पण हात चांगला चालतो. मी मारामारी करणारा माणूस नाही. माझा पाय नुसता पुढे गेला. सिस्टर मध्ये पडली. तिचं मनगट माझ्या हातात आलं आणि कट्‌कन वाजलं. पाय कासवाला न लागता टेबलाच्या लोखंडी बुडावर आदळला. टेबल हललं नाही. घोटा हलला.
हे चाललेलं असताना पहाड टेबलावर, गुडघा उघडा, आणि गुरासारखा ओरडतोय.
सिस्टरनंच एका हातानं ट्रॉली ओढत आणली. मी एका पायावर उभं राहून त्याला झोपवलं. ते मात्र चोख केलं. कासवानं तोंडात बोळा धरून ऑपरेशन संपवलं.
नंतर मला स्ट्रेचरवर घातलं.

१५ मार्च
मोठं हॉस्पिटल, हाडांचा वॉर्ड. घोट्याची दोन हाडं मोडलीत, उद्या ऑपरेशन, धातूची पट्टी आणि स्क्रू.
पहाड भेटायला आला. काठी टेकत, पण चालत. त्या दिवशी संध्याकाळीच घरी पोचला म्हणे. म्हणजे माझा शब्द खरा झाला! मी तसं म्हटलं. तो पलंगाच्या पायथ्याशी उभाच राहिला. म्हणाला, माझं कामच माणसं बाहेर फेकायचं, मारणारे रोज बघतो. तुम्ही चिमटा लावलात तेव्हा हसत होता.
मी म्हटलं, तोंडावर मास्क होता, तुला दिसणार कसं?
तो काठी टेकत निघून गेला. आडदांड लोकांना तर्क कळत नाही.
सिस्टरचा फोन लागत नाही. बिझी असेल.

१६ मार्च
भूल द्यायला माझीच जुनी विद्यार्थिनी. सर, कोणतं औषध, विचारलं. मी ऐटीत म्हटलं, अर्थात नवं, पाठीत, मी जागा राहून तुझी चूक काढणार. बसवलं, वाकवलं, पाठीला गार स्पिरिट लागलं. सुई अजून तिच्या हातातच होती. मी म्हटलं, थांब. परत म्हटलं, थांब. मग म्हटलं, पूर्ण झोपवूनच टाक.
दुपारी जाग आली. बायको शेजारी होती. विचारलं, झोपताना काही बोललो का? लोक काहीबाही बरळतात, मला ठाऊक आहे. ती म्हणाली, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मास्क जवळ आणला तसे तुम्ही दोन्ही हात तोंडावर धरलेत आणि म्हणालात, मला मारू नका.
मी म्हटलं, औषधाचा परिणाम असतो.
ती म्हणाली, हो, असेल.
मी पाण्यासाठी हात पुढे केला. ती दचकून मागे सरली.