दिवसातून तीनदा

ताई,

बाबांच्या खाटेवरची 'एनबीएम'ची पाटी आज उतरली! आतड्याच्या ऑपरेशननंतर तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा तिचा अर्थ. पडल्या पडल्या बाबा नर्सबाईंकडून असली सगळी अक्षरं शिकले. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. आता शेजारच्या खाटेवाल्याची शिकवणी घेतात.

सकाळी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी थोडा चहा दिला. पहिल्याच घोटाला बाबांचं तोंड वाकडं. "याला चहा म्हणतात? तिला बोलाव."

तुझ्या लग्नापासून घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "कुणाला?"

"माझ्या लेकीला! दुसऱ्या कुणाला?"

"एसओएस?" मी भीत भीत विचारलं.

"टीडीएस!" बाबा गरजले. टाके दुखले, तरी हसले. "आणि जावयासकट!"

हे पत्र टाकायला निघालो, तर म्हणतात, "पत्रं कसली लिहीत बसतोस? फोन लाव, मीच बोलतो."

लावलाय. वाजतोय. उचल ना गं!

तुझा,
धाकटा