दोन हप्ते राहिलेत

अण्णा, आज शुक्रवार, शाळेतनं रजा घेतलीय. परवा आष्टीला ताईच्या मुलीचं लग्न आहे आणि मी सकाळपासून तीनदा उठून पाणी प्यालो. तहान नाही. मोबाईलवर एक निरोप आलाय, की माझी फेड चांगली असल्यामुळं मला नवं कर्ज मंजूर आहे. कागद नको, जामीन नको, नुसतं बोट टेकवायचं. जुन्या कर्जाचे दोन हप्ते राहिलेत. दोनच. अडीच वर्षं ओढून इथवर आणलंय, आणि मामा म्हणून भाचीच्या पाठीमागं उभं राहताना हातात काय असेल, या एका विचारानं मला जागेवर बसवत नाही. लेकीच्या दारात मोकळ्या हातानं जायचं न्हाई, असं तुम्ही म्हणायचे. आष्टीची गाडी पकडायला निघालात की काखेत कापडी पिशवी असायचीच. भाऊ म्हणून तो नियम आता माझ्याकडं आलाय.

चौसाळ्याचं आपलं दुकान मला आठवतं ते आवाजासकट. हायवेवरनं ट्रक गेला की मशीनचं झाकण थरथरायचं. मी बी.कॉम. होऊन नोकरी मिळेपर्यंत वर्षभर तुमच्याजवळ बसलो. तुम्ही कापड पसरता, हाताच्या तळव्यानं सुरकुती काढता, आणि मग खडू. पाव तास नुसता खडू. रेघ ओढायची, बघायचं, पुसायची. मला ते बघूनच कंटाळा यायचा. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी एका मास्तरांच्या पॅन्टचं कापड अंदाजानं कापलं. चार बोटं आखूड झालं. तुम्ही आलात, कापड उचलून उजेडात धरलंत. "कावून एवढी घाई बे? खडूची रेघ पुसता येती. कात्रीची न्हाई." बास, तेवढंच. मास्तर आले तेव्हा त्यांना म्हणालात, चूक आमची हाय, सोमवारी या. बीडला जाऊन तसलंच कापड आणलंत. आखूड पॅन्ट शिवून मला दिलीत, आणि मी ती वर्षभर घातली. उरलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या खिशात घालून परत देणारे शिंपी मी तुमच्यानंतर बघितले नाहीत.

पहिलं कर्ज तुमच्या तेराव्याचं होतं. तुम्हाला आवडलं नसतं, हे तेव्हाही मला माहीत होतं. पतसंस्थेतून पैसे उचलले आणि सगळं गाव जेवू घातलं. लोक म्हणाले, पोरानं बापाचं नाव राखलं. ते ऐकायला मला फार बरं वाटलं. ते फिटायच्या आत मोटारसायकल, मग मोबाईल, मग एका ॲपचं फेडायला दुसऱ्या ॲपचं. प्रत्येक हप्ता वेगळा बघितला की लहानच दिसायचा. इथं परळीत मी शाळेत लिपिक आहे, पोरांच्या फीचा हिशेब पैशा-पैशाला जुळवतो. घरचा कधी मांडलाच नाही. एक दिवस वसुलीवाल्याचा फोन थेट मुख्याध्यापकांना गेला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. सगळा स्टाफ बसलेला होता.

तुमच्या सूनबाईला त्या दिवशी कळलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. इथं आणून ठेवलेल्या तुमच्या मशीनच्या खणातून खडू काढला आणि शहाबादी फरशीवर एक लांब चौकोन आखला. "हा तुमचा पगार. एवढंच कापड हाय. सांगा, यातनं काय काय बसतं?" मी सांगत गेलो, ती आखत गेली. किराणा, भाडं, पोरांच्या वह्या, मग हप्ते. रेघ चौकोनाबाहेर पडली, पलंगाखालनं उंबऱ्यापर्यंत गेली. ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "मामंजींनी खडू हातात दिलता. तुमी नुसती कात्री उचलली." मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. मोटारसायकल विकली. शाळेत चालत जातो. संध्याकाळी सदऱ्यावर इथल्या वीजकेंद्राच्या राखेची बारीक पूड असते. सगळ्यांत लहान कर्ज आधी मिटवलं, मग त्याचा हप्ता पुढच्याला जोडला. दर पगाराला पहिल्यांदा फरशीवर खडू, मग खिशात हात. लग्नांचा आहेरही आखून ठेवला. कितीतरी ठिकाणी त्यामुळं मान खाली घालून जेवलो.

काल ताईला फोन करून खरं सांगितलं, की माझ्याकडं दोन हजारच काढून ठेवलेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णा माझ्याकडं काय आणायचे, ठाव हाय का तुला?" मी म्हटलं, पिशवी भरून काहीतरी. "भरून कुठली? आमच्या घरचे कपडे शिवून उरलेले तुकडे ठेवायचे अन् त्याच्याच पिशव्या शिवून आणायचे. आत मूठभर शेंगदाणे. कधी ते बी नसायचे. दळण अजून त्यातच जातंय आमचं. तू नुसता पोरीमागं उभा राहा. अन् येळंवर ये, मागल्या लग्नात अक्षता पडल्यावर आलतास."

एवढं ऐकल्यावर मी शांत व्हायला हवं होतं. झालो नाही. ताईला दाखवायचं नाहीच काही. मांडवात बसलेल्यांना दाखवायचंय, तेराव्याला दाखवलं तसंच. हे मला आता स्पष्ट दिसतं, तरी जिवाची तगमग थांबत नाही. दुपारी तुमच्या मशीनवर एक पिशवी शिवली. खडूनं आखून, दोनदा पुसून. एक शिवण वाकडी आली, तशीच ठेवली. त्यात दोन हजार आणि शेंगदाणे घालीन.

मोबाईल सूनबाईजवळ देऊन ठेवलाय, तिला वाटतं चार्जिंगला दिलाय. हा कागद खडूच्या खणात राहील. तो निरोप मी पुसलेला नाही, अण्णा. पुसायला तो एकदा उघडावा लागतो, आणि उघडल्यावर बोट कुठं टेकेल याची मला अजून खात्री नाही.