डॉक्टरांच्या जिन्यातला दिवा

आप्पा, आज मी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावरच्या कामाला गेले आणि जिन्यात दोनदा बसले. गुडघे आता ऐकत नाहीत. एकच दिवा तीन ठिकाणांहून लागायला हवा होता. एरवी तासाभराचं काम, पण मला अर्धा दिवस लागला आणि सगळा वेळ तुम्ही डोक्यात होतात.

हे काम तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. आई पोळ्या लाटतेय आणि तुम्ही शहाबादी फरशीवर खडूने जिना काढताय: खाली एक टू-वे बटण, वर एक, मधल्या वळणावर इंटरमिजिएट नावाचं तिसरं बटण आणि त्यांना जोडणाऱ्या दोन-दोन तारा. मुलीला हे कशाला, असं आई म्हणाली. तुम्ही नुसतं "शिकू दे तिला" म्हणालात. पुढची चार वर्षं मी तुमच्याबरोबर कामावर आले.

मग त्या डॉक्टरांचं काम आलं. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, पण घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. तिन्ही बटणांवरून दिवा लागला, विझला. डॉक्टर खूश होऊन बघत होते. मी दिवा बंद करून बल्ब काढला, होल्डरला टेस्टर लावला, तर तो पेटला. फेजची लाल आणि परतीची काळी तार तुमच्या हातून उलटी जोडली गेली होती. दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज राहत होती. बल्ब बदलताना कुणाचा जीवही गेला असता.

मी म्हणाले, "आप्पा, फेज थेट होल्डरला गेलाय. तुम्हाला रंग दिसत नाहीत का?"

"अहो, मग मुलीलाच करू द्या की," डॉक्टर म्हणाले.

तुम्ही पक्कड माझ्या हातात दिलीत आणि पायरीवर बसून राहिलात. घरी येताना एवढंच म्हणालात, "बरोबर पकडलंस. पण परक्यासमोर बोलायचं नव्हतं." त्यानंतर तुम्ही कामावर आला नाहीत. ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं, तरीही नाही.

जिवाचा प्रश्न होता, थांबून कसं चाललं असतं, असं मी आईला सांगत आले. पण बल्ब माझ्याच हातात होता आणि डॉक्टर दोन मिनिटांत पेशंटकडे जाणारच होते. चार वर्षं लोक सगळं तुम्हाला विचारायचे. मला फक्त पाणी हवंय का, एवढंच. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांना ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्याने बोलले होते.