आजोबांचं यंत्र बिघडलं आहे (असं म्हणायचं)

तीर्थरूप मामांच्या सेवेशी भाच्याचा साष्टांग नमस्कार (परवा दुकानाच्या जिन्यात गुडघा आपटल्यामुळे तूर्त सातच अंगांचा धरावा, आठवं बरं झालं की पोचतं करीन).

आपली तब्येत ठीक असेल, मामींचा खोकला हटला असेल आणि दुकानाचं शटर अजून तसंच अर्ध्यात अडकत असेल, असं धरून चालतो. इकडे शरीराने मी बरा आहे. मनाने मात्र गेले आठ दिवस आ वासून बसलेलो आहे. 

मी कानाची यंत्रं विकतो हे आपल्याला ठाऊक आहेच. आमचे मालक मध्यंतरी दोन दिवसांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परत आले ते निराळाच माणूस होऊन. विक्री झाली की नातं संपत नाही, तिथून सुरू होतं, असं ते आल्याआल्या म्हणाले, आणि ते नातं मी सांभाळायचं असं ठरलं. आपण चाळीस वर्षं छत्र्या विकल्यात. गिऱ्हाईक पायरी उतरलं की आपण त्याला ओळखही दाखवली नाहीत, उलटी झालेली छत्री घेऊन तो परत आला तरी नाही (हे टीका म्हणून लिहीत नाही, मत्सराने लिहितो आहे). आम्ही मात्र चौथ्या दिवशी फोन करायचा, दहाव्या दिवशी घरी जायचं, पुढे दर महिन्याला जायचं आणि दर वेळी विचारायचं, ‘आपण आनंदी आहात ना?’ मामा, हा प्रश्न माणसाने माणसाला विचारू नये. पहिल्याच आठवड्यात एका सद्‌गृहस्थांनी मला सव्वा तास जावयाबद्दल सांगितलं. यंत्राविषयी त्यांची काही तक्रार नव्हती.

तर हे आजोबा. छापखान्यात चौतीस वर्षं मशीन चालवून निवृत्त झालेले. कान त्यांनी तिथेच ठेवले आणि निरोपाचं घड्याळ घेऊन घरी आले. त्यालाही अकरा वर्षं झाली. त्यांना घेऊन आजी दुकानात आल्या, तपासणी झाली, कानाच्या आत बसणारं शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलं. आजींनी सवयीने ओरडून विचारलं, “ऐकू येतंय का?” आजोबा दचकून म्हणाले, “येतंय. अंगावर कशाला येतेस?” आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, झालं, एक घर सुखी केलं.

चौथ्या दिवशी फोन केला. आजींनी उचलला आणि म्हणाल्या, “या आणि घेऊन जा तुमचं ते.” मी धावत गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आजोबा खिडकीपाशी पेपर उघडून बसलेले. पेपर चार दिवसांपूर्वीचा. आजींनी मला दार ओढून घेऊन जिन्यात नेलं आणि कुजबुजत जे सांगितलं ते ऐकून मी कठडा धरला. अकरा वर्षं ही बाई नवऱ्याच्या पाठीशी बोलत होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, सगळं. नणंदेने काय केलं, दिराने कसा चांगला फ्लॅट लाटला, ह्यांनी कधी कशाला ‘बरं झालंय’ म्हटलं नाही, सगळं मोठ्याने. आजोबांना ऐकू जायचं नाही आणि आजींचं मन मोकळं व्हायचं. आणि यंत्र बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी सवयीने तोंडून गेलं, की या माणसाला होकार दिला त्या दिवशी मला ताप होता. आजोबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, “किती होता?”

त्या क्षणापासून घरात शुकशुकाट. ‘जेवायला या’ आणि ‘दार लावून घ्या’ यापलीकडे तिसरं वाक्य नाही.

मी मालकांना कसं सांगावं या विवंचनेत दुकानात बसलो होतो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा एकटेच हजर. मला वाटलं, हेही यंत्र परत द्यायला आले. पण ते म्हणाले, “यंत्र फर्स्ट क्लास आहे. ते बिघडलं म्हणून हिला सांग.” मी म्हटलं, आजोबा, बिघडलेलं नाहीये. तर म्हणाले, “तेच तर म्हणतोय. मला ऐकू येतं म्हटल्यावर ती बोलेनाशी झाली. तीन दिवस जे ऐकलं तेवढंच. अकरा वर्षांचं राहिलंय.” हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी नाही म्हणायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. (शिवाय ते पुढे म्हणाले, “विक्रीनंतरची सेवा म्हणून पाटी लावलीय ना बाहेर? मग कर सेवा.” पाटी लावलेली आहे, मामा. मीच स्टुलावर चढून लावली.)

तेव्हा मी, सात वर्षांच्या नोकरीत आपल्या मालाला एक वाकडा शब्द न बोललेला माणूस, त्या बाईसमोर उभा राहिलो आणि खाली मान घालून म्हणालो, की यंत्र कायमचं गेलं, आतून जळलं, काही उपयोग नाही. आजी “अरेरे” म्हणाल्या. इतक्या आनंदाने उच्चारलेलं ‘अरेरे’ मी जन्मात ऐकलेलं नाही.

पुढे दर महिन्याला मी जात राहिलो. नात्यातून सुटका नाही. आजोबा भर उन्हाळ्यात घरात कानटोपी घालून बसायचे (सर्दीचा त्रास, असं जाहीर केलेलं). यंत्र टोपीखाली. काढलं की बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डबीत, हे त्यांनी मला विश्वासाने दाखवलं होतं. आणि आजी मोरीकडे तोंड करून बोलायच्या. मी आहे की नाही याची त्यांना फिकीर नव्हती. एकदा म्हणाल्या, की चाळीस वर्षं गरम चहा ह्यांना आणि निवलेला मला. पुढच्या खेपेला गेलो तर चहा आजोबा करत होते, आणि आजी त्यांच्या पाठीला सांगत होत्या, “आज सूर्य कुठून उगवला कोण जाणे!” गळका नळ दुरुस्त झाला. खिडकीजवळची खुर्ची आजींकडे गेली. मी मनातल्या मनात मालकांना मानलं.

आणि मग ती बसची गोष्ट. तिसऱ्या महिन्यात मी बिस्किट हातात धरून बसलेला असताना आजी पातेलं विसळता विसळता म्हणाल्या, की लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी बॅग भरून बसथांब्यावर जाऊन बसले होते. बस आली. पण भरलेली होती, म्हणून परत आले आणि भात लावला. माझं बिस्किट चहात पडलं. आजोबा हलले नाहीत. पण पेपरचा असा खडखडाट व्हायला लागला, की मला वाटलं आता सगळं बाहेर येतंय. निघताना ते मला दारापर्यंत सोडायला आले. डोळे लाल होते. काहीतरी बोलायचं म्हणून कुजबुजले, “बॅटरी झकास आहे हं तुमची. अजून पहिलीच चालू आहे.”

मी जिना उतरलो आणि तळमजल्यावर येऊन थबकलो. मामा, ती बॅटरी आठवडाभर चालते. फार तर नऊ दिवस. तीन महिने चालली तर तो चमत्कार आहे. मग आठवलं, की बॅटरी कशी बदलायची हे मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं होतं, पण यंत्र कानात बसवण्याच्या आधी.

याचा विचार करायलाही वेळ मिळाला नाही, कारण त्याच संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं. त्या इमारतीत बातमी झाली होती, की या दुकानाचं यंत्र दहा दिवसांत जळतं. दोन गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली होती. आणि जळलं असं सांगणारा इसम खुद्द मी, हेही त्यांना कळलं होतं. मालक ओरडले नाहीत, त्यानेच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, सोमवारी दोघांना इथे आणायचं, आजींच्या देखत यंत्र चालू आहे हे दाखवायचं, नाहीतर मंगळवारपासून यायचं नाही. मी दोन दिवस जेवलो नाही. एकीकडे माझी नोकरी, दुसरीकडे त्या माणसाची राहिलेली अकरा वर्षं.

सोमवारी मी कोणाला बोलावलं नाही. राजीनामा लिहून खिशात घेऊन गेलो. अकराच्या सुमारास जिन्यात चपला वाजल्या आणि आजी आत आल्या. एकट्या. मालकांच्या टेबलाशी जाऊन पिशवीतून बॅटरीचं रिकामं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, “हे एक द्या. आणि ह्यांना कळू देऊ नका.”

मामा, मी खाली बसलो. खुर्ची तिथे नव्हती.

पहिल्या आठवड्यातच पॉलिशची डबी सापडली होती म्हणे (“काळे बूट विकून सहा वर्षं झाली, डबी कशाला लागते?”). तेव्हापासून दर सोमवारी आजोबा अंघोळीला गेले की ह्या यंत्राबरोबर मिळालेल्या पाकिटांतली बॅटरी बदलून ठेवतात. मी कसंबसं विचारलं, की मग ते ऐकतात हे माहीत असून तुम्ही बोलत होतात? आजी म्हणाल्या, “शेहेचाळीस वर्षांत तोंडावर बोलायला जमलं नाही. पाठीशी बोललं की ते ऐकतात. आणि त्यांनाही ‘चुकलो’ म्हणावं लागत नाही, नुसता चहा केला की भागतं.” मालकांनी आपल्या हाताने पाकीट गुंडाळून दिलं. प्रशिक्षणात हे आलेलं नसावं. दारातून आजी वळल्या आणि मला म्हणाल्या, “ती बस भरलेली नव्हती हं. रिकामी होती. तेवढं सांगायचं राहिलंय. सांगेन एखाद्या दिवशी.”

राजीनामा मालकांनी वाचला नाही. त्याच्यावर चहाचा कप ठेवला. मी अजून सावरलेलो नाही. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, मधल्यांना काय ते आपण ठरवा.

आपला भाचा

ता. क. : आपल्या दुकानात एखादी जागा आहे का हे विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. आता विचारत नाही.

दुसरा ता. क. : खरं म्हणजे तेही कारण नव्हतं. आजींनी त्यांच्या भाचीसाठी मला विचारलं आहे. दातांच्या दवाखान्यात एक्सरे काढते. माझ्याशी आजवर चार वाक्यं बोलली. त्यातली तीन ‘तोंड उघडा’ अशी होती, पण चौथ्यात मला आशा वाटते. रविवारी मामींना घेऊन वडीलधारे म्हणून यावं, ही विनंती. (मालकही यायचं म्हणताहेत. ते याला दहाव्या दिवसाच्या भेटीत धरणार आहेत.)

तिसरा ता. क. : आल्यावर आजोबांशी घसा ताणून बोला. ते तीनदा ‘काय?’ म्हणतील; तीनदा सांगा. मामींना त्या घराबद्दल काही कुजबुजायचं असेल तर ते इमारतीच्या बाहेर आटपून घ्यावं.